तयार ताटापलीकडचे स्वावलंबन

‘परम’ महासंगणकाचे नाव निघाले की मराठी माणसाची मान अभिमानाने ताठ होते, आणि ते योग्यच आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेने प्रगत क्रे महासंगणक भारताला देण्याचे नाकारले. १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ उभे राहिले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकार झाला. त्यातील ट्रान्सप्युटर परदेशी होते. पण ते जोडून त्यांच्याकडून एकदिलाने काम करवून घेण्याची विद्या येथली होती. स्वावलंबनाचे मर्म नेमके येथे आहे. वस्तू कोठून आली यापेक्षा ती आतून कोणाला कळली, हे महत्त्वाचे.

ही विद्या शिकण्यास महासंगणक लागत नाही. लिनक्स असलेला घरचा संगणक आणि ‘ऑक्टेव्ह’ यांवर आरंभ होऊ शकतो. समीकरणे व आव्यूह सोडवणारे हे सॉफ्टवेअर जॉन ईटन यांनी १९९२ मध्ये रचण्यास घेतले. ते विनामूल्य आहे आणि त्याची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, सर्वांना खुली आहे. एका आज्ञेसरशी तयार पॅकेज उतरवून घेता येते. दुसरा मार्ग मूळ संहितेपासून ते स्वतः बांधण्याचा.

तयार मिळत असताना हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असे कोणीही विचारील. रोजच्या कामासाठी तयार पॅकेज उत्तमच. परंतु बांधणी करताना जे कळते, ते वापरताना कळत नाही. ‘कॉन्फिगर’ ही पहिली पायरी संगणकाची झडती घेते आणि काय उणे आहे ते सांगते. ‘मेक’ संहितेचे यंत्रभाषेत रूपांतर करते. ‘मेक चेक’ चाचण्या घेऊन उत्तरे बरोबर येतात का, ते तपासते. शेवटी ‘मेक इन्स्टॉल’. बहुधा पहिल्याच पायरीवर अडथळा येतो, आणि खरे शिक्षण तेथेच सुरू होते.

कारण तेव्हा विद्यार्थ्याला उमगते की ऑक्टेव्ह स्वतः सारे गणित करीत नाही. आव्यूहांचा भार ‘ब्लास’ आणि ‘लापॅक’ या पायाभूत संग्रहांवर असतो. ‘ब्लास’चा पहिला भाग १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची साधी आवृत्ती जोडली, तर मोठ्या आव्यूहांचा गुणाकार रेंगाळतो. प्रोसेसरची कॅश व अंगभूत सूचना ध्यानी घेऊन रचलेली आवृत्ती जोडली, तर तेच यंत्र तेच काम कित्येक पट वेगाने करते. नवे यंत्र न घेता मिळालेली ही शक्ती निव्वळ जाणतेपणाची असते.

शेजारी राष्ट्राने हे केव्हाच ओळखले. काझुशिगे गोटो या जपानी तज्ज्ञाने रचलेल्या अतिवेगवान ‘गोटोब्लास’चा विकास थांबल्यावर, २०११ मध्ये चिनी विज्ञान अकादमीतील संशोधकांनी ती संहिता हाती घेतली आणि ‘ओपनब्लास’ पुढे नेले. आज जगभरच्या प्रयोगशाळा ते वापरतात. मुक्त संहिता कोणा एका देशाची नसते हे खरे; पण ती जो जाणतो व वाढवतो, त्याच्या शब्दाला जगात वजन येते.

आपल्याकडे प्रयत्न नाहीत असे नाही. मुंबई आयआयटीच्या ‘फॉसी’ प्रकल्पात विद्यार्थ्यांनी प्रमाण पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे ‘सायलॅब’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये सोडवून सर्वांसाठी खुली केली आहेत. २०१५ मध्ये राष्ट्रीय महासंगणन अभियान सुरू झाले आणि २०२४ मध्ये ‘परम रुद्र’ संगणक राष्ट्राला अर्पण झाले. यंत्रे उभी राहत आहेत. त्यांना हवेत ती आतून जाणणारे तरुण.

म्हणून प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयाने विद्यार्थ्याकडून निदान एकदा तरी असे सॉफ्टवेअर मूळ संहितेपासून बांधून घ्यावे. चोरून मिळवलेली प्रत वापरण्याची सवय त्याने मोडेल आणि परवान्याची मुदत संपली म्हणून अभ्यास खुंटणार नाही. घरातील मुलगा किंवा मुलगी रात्री संगणकापुढे त्रुटींच्या ओळी वाचत बसली असेल, तर पालकांनीही धीर धरावा. वाढलेल्या ताटावर जेवणे सुखाचे. पण चूल पेटवता येणाऱ्यालाच उपाशी राहण्याचे भय नसते.