घर सोडण्याची किंमत

परीक्षांचा हंगाम संपत आला की वर्तमानपत्रांची पाने सहल-कंपन्यांच्या जाहिरातींनी भरू लागतात. हिमाचल, केरळ, अंदमान हे तर आता मध्यमवर्गाच्या अंगणातच आल्यासारखे झाले आहेत. त्यापलीकडे युरोपच्या बारा दिवसांच्या दौऱ्याचेही कोणास विशेष अप्रूप राहिलेले नाही. हे पाहून, मराठी माणूस पूर्वी घरकोंबडा होता, आता त्याला प्रवासाची गोडी लागली, असे विधान अनेक व्यासपीठांवरून केले जाते. देशाटनाने चातुर्य येते, हे आपल्याला शाळेपासून शिकविलेलेच असते. त्यामुळे ज्याला घर सोडवत नाही तो काहीसा मागासलेला, आणि जो सदैव बॅग भरून तयार तो उमदा, अशी एक वाटणीही नकळत होऊन जाते.

प्रस्तुत लेखकास ही वाटणी मान्य नाही. प्रवास आवडणे वा नावडणे हा स्वभावाचा भाग आहे खरा. पण तो फार थोडा. कोण, कशासाठी, कोणाच्या इच्छेने निघाला आणि परत केव्हा यायचे हे ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, यावर ही आवडनिवड मुख्यतः अवलंबून असते. हा प्रश्न मानसशास्त्राइतकाच अर्थशास्त्राचाही आहे, आणि त्यात शासनाच्या धोरणाचाही संबंध येतो.

शब्दापासूनच आरंभ करावा. ‘प्रवास’ या शब्दाचा मूळ अर्थ घरापासून दूर राहणे असा आहे. संस्कृत काव्यातील प्रवासी हा सहलीला निघालेला गृहस्थ नसून विरही पुरुष असतो. मेघदूतातील यक्ष रामगिरीवर राहिला तो काही हवापालटासाठी नव्हे. वर्षभराची शिक्षा भोगण्यासाठी. (हा रामगिरी म्हणजे आपले रामटेक, असे पुष्कळ पंडित मानतात. आज तेथे लोक सहलीसाठी जातात, ही गोष्ट वेगळी.) घर सोडणे म्हणजे काहीतरी गमावणे, ही जाण आपल्या भाषेने जपून ठेवली आहे. हौसेने फिरण्यासाठी ‘सहल’, पुण्यासाठी ‘यात्रा’, नेमाने जाण्यासाठी ‘वारी’ असे निराळे शब्द आपण वापरतो, ते उगाच नव्हे.

मराठीतील प्रवासवर्णनांचा विषय निघाला की विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’चे नाव प्रथम घेतले जाते. चिंतामणराव वैद्य यांनी ते १९०७ साली प्रसिद्ध केले. १८५७ च्या धामधुमीचा प्रत्यक्षदर्शी वृत्तांत म्हणून त्याचे मोल मोठेच आहे. परंतु पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक घराबाहेर पडला कशासाठी? कुटुंबावर कर्ज होते, आणि बायजाबाई शिंदे यांनी योजलेल्या यज्ञात चांगली दक्षिणा मिळेल अशी वार्ता कानी आली होती. वाटेत बंडाशी गाठ पडली, झांशीचा वेढा नशिबी आला, मिळविलेले द्रव्य लुटले गेले, आणि अखेरीस आईबापांसाठी गंगेची कावड घेऊन स्वारी घरी परतली. आज आपण हे पुस्तक साहस म्हणून वाचतो. गोडसे भटजींच्या लेखी मात्र तो कर्जफेडीचा एक उपाय होता. कर्जापायी घर सोडावे लागणाऱ्यांची परंपरा आजही खंडित झालेली नाही, हे पुढे दिसेल.

सुखासाठी प्रवास ही कल्पना तशी अर्वाचीन आहे. टॉमस कुकने १८४१ च्या जुलैत लेस्टरहून लफबरोस एका शिलिंगात पाचशेच्या आसपास माणसे नेली, तीही दारूबंदीच्या सभेसाठी. आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली आणि अंतराचा अर्थच बदलला. मात्र रेल्वेने प्रवास स्वस्त केला तरी पुढे दीर्घकाळ तो सुखाचा केला नाही. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांतील हालांविषयी गांधीजींनी १९१७ साली लिहिले. तो वर्ग नावानिशी १९७४ साली रद्द झाला. आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर फोमची गादी आली ती मधु दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असताना. ज्या देशात सामान्य उतारूला रात्रभर उघड्या फळीवर पाठ टेकावी लागत होती, तेथील माणसाला प्रवासाची हौस नाही अशी तक्रार करणे म्हणजे उपाशी माणसाला चवीची जाण नाही, असे म्हणण्यासारखे होते.

दंडवते यांच्या गादीचा धडा आजही लागू पडतो. किंमत व कष्ट कमी झाले की नावड म्हणून जी गोष्ट आपण समजत होतो तिच्यातील बराचसा भाग गळून पडतो. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२३ पासून एस.टी.च्या गाड्यांत स्त्रियांना निम्मे भाडे लागू केले, तेव्हा स्त्री-उतारूंची संख्या लक्षणीय वाढली. या स्त्रिया आदल्या महिन्यापर्यंत घरातच रमत होत्या आणि एप्रिलमध्ये एकाएकी त्यांना भटकंतीचा छंद जडला, असे कोणी म्हणणार नाही. माहेरी, दवाखान्यात, बाजाराला, देवाला जायचे होतेच. जाता येत नव्हते. घरातल्या पैशांच्या वाटपात स्त्रीच्या प्रवासखर्चाचा क्रमांक शेवटचा असतो, एवढेच त्यातून सिद्ध झाले.

स्त्रियांच्या संदर्भात आणखी एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ कोटी माणसे, म्हणजे लोकसंख्येच्या ३७ टक्क्यांच्या आसपास, जन्मस्थान वा पूर्वीचे निवासस्थान सोडून अन्यत्र राहत होती. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि त्यांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण विवाह हे होते. घर कायमचे सोडण्याचा सर्वांत मोठा प्रवास आपल्या समाजात ज्यांच्या वाट्याला येतो, त्यांची त्याविषयीची आवडनिवड विचारण्याची पद्धत मात्र नाही. सासरी निघालेल्या मुलीचे रडणे हा विधीचाच भाग मानला की प्रश्न मिटतो!

राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१४-१५ मध्ये देशांतर्गत पर्यटनाची पाहणी केली, तीतूनही असेच चित्र निघाले. मुक्कामासह केलेल्या प्रवासांत फार मोठा वाटा नातेवाइकांच्या भेटी, लग्नकार्ये आदी सामाजिक कारणांचा होता. निव्वळ विरंगुळ्यासाठी केलेल्या सहलींचा वाटा अगदी अल्प होता. म्हणजे भारतीय माणूस घर सोडतो तो बहुधा दुसऱ्या घरी जाण्यासाठी. गणपतीच्या दिवसांत मुंबईहून कोकणात जाणारा चाकरमानी गाडीत उभ्याने रात्र काढतो, पण वर्ष चुकवीत नाही. कारण तो त्याच्या दृष्टीने प्रवासाला जात नसून प्रवासातून परत येत असतो. आणि सहलीला गेलेला मध्यमवर्गीयही घर फारसे सोडत नाहीच. मराठी बोलणारा मार्गदर्शक आणि सायंकाळी वरणभात, या दोन अटींवर तो आल्प्स पर्वत चढून येतो. त्याला हसण्याचे कारण नाही. परतीचे तिकीट खिशात असल्यामुळेच त्याला आल्प्सचे सौंदर्य दिसते.

गरिबाला प्रवास आवडत नाही असे कोणी म्हणेल, तर त्याने आषाढात आळंदी-पंढरपूरच्या वाटेवर उभे राहावे. सुमारे अडीचशे किलोमीटर वाट, पाऊस, चिखल, उघड्यावरचा मुक्काम. पलंगावर निजणाऱ्यास ज्या गैरसोयी असह्य वाटतील त्या सर्व सोसून लहान शेतकरी, शेतमजूर आणि त्यांच्या घरच्या स्त्रिया आनंदाने चालतात. कारण दिंडीतील माणसे ओळखीची असतात, जेवणाची व्यवस्था ठरलेली असते, निघण्याचा निर्णय स्वतःचा असतो आणि परतीचा दिवसही ठाऊक असतो. प्रवासाच्या सुखाचा गैरसोयीशी फारसा संबंध नाही, याहून वेगळा पुरावा शोधण्याची गरज नाही.

आता याच शेतकऱ्याकडे चार महिन्यांनी पाहावे. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून आणि मराठवाडा, अहिल्यानगर भागातील अन्य कोरडवाहू तालुक्यांतून ऊसतोड मजुरांचे तांडे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल आधीच खर्च झालेली असते. कधी लग्नात, कधी दवाखान्यात, कधी जुन्या देण्यात. नवराबायकोची जोडी मिळून हिशेब ‘एका कोयत्या’चा. कामावर न आल्यास खाड्याचे पैसे कापले जातात. मुक्काम फडाजवळच्या कोपीत, तेथे ना शौचालय ना पुरेसे पाणी. पोरे बरोबर आली तर शाळा बुडते, आणि मागे ठेवली तर म्हाताऱ्यांच्या गळ्यात पडतात. हंगाम संपून उचल फिटली तर परत यायचे. न फिटली तर पुढच्या वर्षीचे जाणे आताच ठरून जाते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेला, तेव्हा कोठे सुशिक्षित समाजाला या प्रवासाची थोडी कल्पना आली. तोवर त्याची साखर तेवढी आपल्याला परिचयाची होती.

अर्थशास्त्रात एक साधे तत्त्व आहे. जे काम अधिक अप्रिय, त्याची मजुरी अन्य गोष्टी समान असताना अधिक असली पाहिजे. अप्रियतेची भरपाई बाजार करतो, असे ॲडम स्मिथपासून आपण शिकवीत आलो. घर सोडण्याची किंमतही या न्यायाने मजुरीत मिळावयास हवी. परंतु ज्याने मजुरी आधीच उचलली आणि ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही, त्याच्या बाबतीत हे तत्त्व लंगडे पडते. अशा वेळी कायद्याने हात द्यावयाचा असतो, आणि एकदा त्याने तो दिलाही होता. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराने मजुरास विस्थापन भत्ता द्यावा अशी तरतूद होती: महिन्याच्या मजुरीच्या निम्मी रक्कम किंवा ७५ रुपये, यांपैकी जी जास्त असेल ती, आणि तीही परत न करण्याच्या बोलीवर. जाण्यायेण्याचे भाडे आणि प्रवासातील दिवसांची मजुरी निराळी. अंमलबजावणी यथातथाच होती, हे खरे. तथापि घर सोडावे लागणे हीच एक हानी आहे आणि तिची भरपाई देय आहे, हे तत्त्व संसदेने मान्य केले होते. २०२० साली संमत झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेत वर्षातून एकदा गावी जाण्यायेण्याच्या भाड्याची तरतूद राहिली. विस्थापन भत्ता मात्र गळाला. योगायोग असा की, त्याच वर्षी टाळेबंदीत मुंबई-आग्रा रस्त्याने पायी निघालेले मजूर आपण पाहिले होते, ८ मे रोजी करमाडजवळ रुळांवर निजलेले सोळा जण मालगाडीखाली सापडले होते, आणि १ मेपासून सोडलेल्या श्रमिक गाड्यांतून सुमारे ६३ लाख माणसे घरी पोहोचविण्यात आली होती. घराची ओढ किती असते हे एवढ्या स्पष्टपणे दिसल्यावर तिची किंमत कायद्यातून वगळावी, हे तर्कास धरून नाही.

बीडहून कोल्हापुरास जाणाऱ्या ऊसतोड मजुराला तर १९७९ च्या कायद्याचाही उपयोग नव्हता; राज्याची सीमा तो ओलांडीतच नाही. पाचशे किलोमीटर गेला तरी कायद्याच्या लेखी तो घरीच.

याच्या शेजारी शासकीय कर्मचाऱ्याची रजा प्रवास सवलत ठेवून पाहावी. राज्याच्या नियमांत ‘स्वग्राम’ आणि ‘महाराष्ट्र दर्शन’ असे तिचे दोन प्रकार आहेत. स्वग्राम हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. नोकरीमुळे दूर राहणाऱ्या माणसाला एक गाव असते, तेथे त्याला मधूनमधून जावेसे वाटते आणि त्या जाण्याचा भार मालकाने उचलावा, असे शासनाने त्यात कबूल केले आहे. केंद्र शासनाने तर ऑक्टोबर २०२० मध्ये साथीमुळे प्रवास शक्य नसल्याने, या सवलतीच्या बदल्यात वस्तू खरेदी करून लाभ घेण्याची मुभाही दिली. म्हणजे न केलेल्या प्रवासाचेही मोल ठरले. या सवलतीविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. मात्र ज्याचे घर सुटणे सुसह्य आहे त्याला स्वग्राम आहे, आणि ज्याचे सुटणे असह्य त्याला ते नाही, ही विसंगती डोळ्यांआड करता येणार नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो दुर्लक्षणीय नाही. स्थलांतर हे प्रगतीचे साधन आहे. रत्नागिरीचा माणूस गिरणीत आला नसता तर मुंबई उभी राहिली नसती आणि रत्नागिरीतील कित्येक घरांत चूल पेटली नसती. मुकादमाची उचल ही कशीही असली तरी गरिबाला सहज मिळणारे कर्ज आहे. नियमांचा बोजा वाढविला तर ती आटेल आणि यंत्रे येतील. ऊस तोडणारी यंत्रे येऊ लागलीही आहेत. हे सर्व खरे धरले तरी त्यातून एवढेच निघते की लोकांना जाऊ द्यावे. जाताना त्यांनी शाळा, रेशन आणि दवाखाना गमवावा, असे त्यातून निघत नाही. रेशनच्या बाबतीत २०१९ पासून शिधापत्रिका परराज्यात वापरण्याची सोय क्रमाने होत गेली. म्हणजे इच्छा असली की अडचण नसते. मजुरांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना राज्याने २०२१ साली मंजूर केली, तीही योग्य दिशेची आहे. पोर गावात राहून शिकले तर आईबापांच्या प्रवासातील निम्मा घोर कमी होतो.

राहिला प्रश्न मुक्कामाचा आणि भरपाईचा. दरवर्षी हंगामापूर्वी प्रत्येक कारखान्यास पुण्याच्या साखर आयुक्तांकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. त्या परवान्याच्या अर्जात उसाच्या क्षेत्राचा तपशील भरला जातो, तसाच येणाऱ्या कोयत्यांची संख्या, त्यांच्यासाठी बांधलेले निवारे व शौचालये, पाण्याची सोय आणि सोबतच्या मुलांच्या शाळेची व्यवस्था यांचाही तपशील मागता येईल. विस्थापन भत्ता राज्यांतर्गत मजुरांना लागू करण्यासाठी विधिमंडळाला स्वतंत्र कायदा करावा लागेल, आणि ही रक्कम उचलीतून वळती होणार नाही असे त्यात स्पष्ट लिहावे लागेल. अन्यथा तिची नोंद मुकादमाच्या वहीत होईल आणि मजुराच्या हाती काहीच पडणार नाही. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरास भरते, तेव्हा हे तांडे फडावर पोहोचलेले असतात. निर्णय व्हावयाचा तर तो पावसाळी अधिवेशनात झाला पाहिजे.