गच्चीवरची फायर पिकेट

उन्हाळी सुट्टीत कॅडेट घरी आले की आमच्या जयनगरात गच्च्यांवर ग्रिल पेटतात. माझा याला विरोध नाही. काही सोसायट्या कोळशावर सरसकट बंदी घालतात, तीही मला पटत नाही. मग तीच ग्रिल गुपचूप बाल्कनीत पेटते आणि बाल्कनी गच्चीपेक्षा वाईट. माझी तक्रार एवढीच, की पेटवायला दहा जण पुढे येतात, विझवायची ड्यूटी मात्र कोणाचीच नसते. लष्करात फायर पिकेट लागते, तशी ती गच्चीवरही लागली पाहिजे.

कोळसा विझलेला दिसला म्हणजे विझला असे नाही. आपल्या आज्या-पणज्या रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवत आणि पहाटे फुंकर घालून त्यावरच चहाचे आधण चढवत. तोच विस्तव आपण जेवणे उरकली की प्लॅस्टिकच्या कचऱ्याच्या डब्यात ओततो!

मुंबईच्या लोअर परळमध्ये कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या रेस्टॉरंटना आग लागली. १४ जण गेले, बहुतेक धुराने गुदमरून. हुक्क्याच्या कोळशाची उडालेली ठिणगी हे संभाव्य कारण अग्निशमन दलाच्या चौकशीत पुढे आले. उन्हासाठी आपणही गच्चीवर कापड, बांबूच्या चटया, हिरवी जाळी बांधतो आणि नेमकी त्याच सावलीत ग्रिल मांडतो.

बंगळूरची खरी गोम मात्र वळवात आहे. एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापले की संध्याकाळी आधी धुळीचा वारा सुटतो, मग टपोरे थेंब. लगेच कोणीतरी ओरडते, "ग्रिल आत घ्या!" ती जिन्याच्या खोलीत नाहीतर थेट हॉलमध्ये येते आणि पावसासाठी खिडक्या लागतात. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट धरतो. डोके जड होते, मळमळते, गुंगी येते. झोपलेला माणूस उठतच नाही. उत्तरेत थंडीच्या दिवसांत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या अशा बातम्या येतात. उंचावरच्या चौकीत बुखारीशेजारी झोपलेल्या जवानाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. आपण तीच बंद खोली भर मे महिन्यात तयार करतो. पाऊस आला तर माणसे आत यावीत, शेगडी बाहेर भिजू द्यावी.

म्हणून पालकांना सुचवतो, सुट्टीवर आलेल्या कॅडेटला पिकेटवर लावा. शेजारी वाळूची बादली, ग्रिलचे झाकण हाताशी, अंगात सुती कपडे. ट्रॅकसूट नको, तो जळताना वितळून कातडीला चिकटतो. चरबीने भडका घेतला तर पाणी ओतायचे नाही, झाकण घालायचे. पेटत्या कोळशावर रॉकेल ओतायला आलेल्या काकांना, वय न पाहता, अडवायचे. शेवटी मोकळ्या हवेत, लांबून थोडे थोडे पाणी शिंपडत, ढवळत कोळसा निववायचा आणि सकाळपर्यंत झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा.

कुरकुर होणार, की मग आम्ही जेवायचे कधी? पिकेटचे ताट आधी वाढावे, आणि त्यात पहिली तंगडी असावी.