आरोग्याच्या वाटेवर : उकडलेली पुरचुंडी आणि खोलीवरचे जेवण

संध्याकाळी कारखान्यांची पाळी सुटली की महाळुंग्याच्या चौकात वडापावच्या गाड्यांभोवती तरुणांची झुंबड उडते. हेच तरुण पुढे छातीतली जळजळ, मलावरोध आणि सुटलेले पोट घेऊन दवाखान्यात येतात. जेवणाचे विचारले की उत्तर ठरलेले, "डॉक्टर, खोलीवर कोण करणार?" कुणी परभणीचा, कुणी बिहारचा, कुणी ओडिशाचा. एका खोलीत चार जण आणि एकच शेगडी.

दुसरीकडे महिला मंडळांचे आणि बचत गटांचे पाककृती वर्ग उत्साहाने भरतात. पण तेथे शिकवतात केक, मंचुरियन आणि तळलेले रोल. शिकायला येतात त्या केवळ भगिनी. ज्याला खरी गरज, तो दाराबाहेरच. माझे स्पष्ट मत असे की, या वर्गांनी कढई थोडी बाजूला ठेवून उकडणे शिकवावे आणि ते पुरुषांनाही शिकवावे.

मेक्सिकोत 'तमाले' नावाचा पदार्थ सणासुदीला घरोघरी होतो. मक्याचे पीठ कणसाच्या सालीवर थापायचे, आत घेवड्याचे किंवा मांसाचे सारण भरायचे, पुरचुंडी बांधून वाफवायची. शेजारणी, नातलग मिळून शेकडो पुरचुंड्या करतात आणि लहान मुले बघता बघता शिकतात. पिठासाठी मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, धुऊन घेतात. त्यामुळे मक्यात अडकून पडलेले नायसिन हे 'ब' जीवनसत्त्व शरीराला मिळते आणि कॅल्शियमही वाढते. मका युरोपात गेला, पण ही रीत मागेच राहिली. परिणामी, केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांत त्वचा सोलणारा, जुलाब आणि वेड लावणारा पेलाग्रा पसरला. पदार्थ उचलला पण त्यामागची रीत सोडली, तर असे होते.

आपल्याला मात्र मेक्सिकोला जायला नको. नागपंचमीला आपण तवा ठेवत नाही, तळत नाही. पुरणाचे दिंड चाळणीत उकडतो. कोकण-गोव्यात हळदीच्या पानात पातोळ्या होतात. तशाच हळदीच्या पानात ओडिशात प्रथमाष्टमीला एंडुरी पिठा उकडतात. म्हणजे खोलीवरचा तो ओडिया कामगार आपल्या वर्गात शिष्य म्हणूनच नव्हे, गुरू म्हणूनही बसू शकतो!

उकडण्याचा फायदा साधा आहे. एक ग्रॅम तेलातून नऊ उष्मांक मिळतात आणि तळलेला पदार्थ ते तेल पिऊन घेतो. वाफेला तेल लागत नाही. भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिल्यावर जाणारी जीवनसत्त्वेही वाफेवर बरीच टिकतात. शिवाय भांडे एकदा चढवले की ढवळत बसावे लागत नाही. दमून आलेल्या माणसाला आणखी काय हवे?

पहिल्या दिवशी हे करून पाहा. चार कोवळ्या कणसांचे दाणे जाडसर वाटा. त्यात भिजवलेली वाटीभर मूगडाळ वाटून, मिरची, जिरे, मीठ आणि दोन चमचे बेसन घाला. आतल्या मऊ सालीत गुंडाळून चाळणीत अर्धा तास वाफवा. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि दही घ्या. एरवी ही साल आपण जनावरांपुढेच टाकतो.

दोन सूचना. वाचून घरी पानाचा चुना घालून प्रयोग करू नका. आपल्या जेवणात डाळ, शेंगदाणे असतात. त्यांतून नायसिन मिळते. दुसरे, उकडलेले म्हणजे कितीही खावे असे नव्हे. मधुमेह्याने दोन पुरचुंड्या खाल्ल्या तर ताटातली एक भाकरी कमी करावी.

मंडळांना विनंती एवढीच : साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी एखादा वर्ग शाळेच्या पडवीत खोलीवरच्या मुलांसाठी भरवा. फी नाममात्र ठेवा. गावापासून दूर आलेल्या पोराला औषधाच्या चिठ्ठीआधी चाळणी आणि पातेले मिळाले, तर माझ्या दवाखान्यातली गर्दी थोडी कमी होईल. त्याचे मला वाईट वाटणार नाही.