कुंडीतली शेवंती का रुसते?

मैत्रिणींनो, मार्गशीर्षातल्या गुरुवारी घट मांडायचा, तर शेवंती हवीच. पण त्या दिवसांत फुलांचे भाव असे चढतात की हात आखडता घ्यावा लागतो. म्हणून आपल्यापैकी पुष्कळजणी गॅलरीत दोन कुंड्या लावतात. खतपाणी वेळेवर, पानं हिरवीगार, अन् कळी मात्र एक नाही! शेजारणीकडे त्याच रोपाचा फुटवा फुलांनी डवरलेला. मग घरात कुजबुज होते, "हिच्या हाताला गुण नाही," नाहीतर, "अडचणीच्या दिवसांत शिवली असेल." बोलणारं माणूस मायेचं असलं तरी शब्द लागायचा तो लागतोच.

अशा वेळी आधी एक पाहा. गॅलरीतल्या किंवा रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रात्री त्या कुंडीवर पडतो का?

शेवंती फूल धरते ती रात्रीच्या लांबीवरून. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरात अकरा तासांचा. पावसाळा सरला, रात्र मोठी झाली, की शेवंती कळ्या धरू लागते. ही गोष्ट प्रथम उलगडली अमेरिकेत. गार्नर आणि अलार्ड या दोघा शास्त्रज्ञांनी 1920 साली ती प्रसिद्ध केली. तंबाखूची एक जात उन्हाळ्यात नुसती उंच वाढायची, फुलायची नाही. त्यांनी ती झाडं रोज उजेड असतानाच अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवली, आणि भर उन्हाळ्यात फुलं आली! पुढे असंही दिसलं, की अशा झाडांना रात्र सलग लागते. मध्येच थोडा वेळ उजेड पडला, तरी त्यांच्या लेखी रात्र लहानच.

गंमत अशी, की रात्र मोजतं पान आणि फूल येतं शेंड्याला. रशियात चैलाख्यान यांनी शेवंतीवरच प्रयोग करून 1937 साली म्हटलं, की पानातून शेंड्याकडे काहीतरी निरोप जात असला पाहिजे. त्याला त्यांनी 'फ्लोरिजेन' नाव दिलं. तो निरोप म्हणजे एक प्रथिन आहे, हे 2007 साली भातासारख्या झाडांत दाखवून दिलं गेलं. आणि 2013 साली जपानी संशोधकांना शेवंतीच्या रानटी भाऊबंदांत उलट निरोपाचा जनुक सापडला. रात्री मध्येच उजेड पडला, की पान शेंड्याला कळवतं, 'एवढ्यात नको.' म्हणजे तुमची कुंडी रुसलेली नाही. दिव्यामुळे तिला अजून मोठा दिवसच वाटतो आहे. बाजारासाठी शेवंती लावणारे शेतकरी फूल लांबवायला मुद्दाम रात्री दिवे लावतात, ते याच कारणानं.

आता इलाज. ऑगस्टअखेर शेंडे खुडणं थांबवा. सप्टेंबरच्या मध्यापासून कुंडी रात्री उजेड न येणाऱ्या कोपऱ्यात हलवा. ते जमण्यासारखं नसेल, तर संध्याकाळी सहाला तिच्यावर पुठ्ठ्याचा मोठा खोका किंवा दुहेरी काळं कापड घाला आणि सकाळी सातला न विसरता काढा. दिवसा ऊन भरपूर हवं. प्लॅस्टिक नको, आत कोंडतं. कळ्यांना रंग दिसेपर्यंत हे रोज करायचं, मध्ये खाडे नकोत. जातीप्रमाणे फुलायला दोन-अडीच महिने लागतात.

मात्र न फुलणाऱ्या प्रत्येक झाडाला हा इलाज लागू नाही बरं! गुलाबाला रात्रीच्या लांबीचं फारसं काही नाही. त्याला ऊन आणि छाटणी हवी.

शेवंतीच्या पानात उजेड ओळखणारं द्रव्य आहे. हात कुणाचा आणि महिन्यातला दिवस कुठला, हे ओळखणारं त्यात काही नाही. घरात वाद घालत बसू नका. एकाच रोपाच्या दोन कुंड्या करा. एक दिव्याखाली राहू द्या, दुसरी रोज झाका, आणि दोघींना पाणी त्या चार दिवसांतही तुम्हीच घाला. मग डिसेंबरात सासूबाईंनाच फुलं खुडायला बोलवा.