सायकलस्वाराचा बधिर हात : तेलाआधी कारण पाहावे

अलीकडे आपल्या चिकित्सालयांत येणाऱ्या रुग्णांत हौशी सायकलस्वारांच्या एका नव्या वर्गाची भर पडली आहे. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी जोडीने आणि २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. असे आदर्श समोर असल्यामुळे ही हौस आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. आमच्या केनवड परिसरातील मुरमाड चढउतारांवर आणि खाचखळग्यांच्या पांदण रस्त्यांवरही जाड टायरच्या गियरवाल्या सायकली दिसू लागल्या आहेत. व्यायामाची ही आवड स्वागतार्हच आहे. मात्र तिच्यासोबत एक तक्रारही येते. करंगळी व अनामिका बधिर होतात, तळहाताला मुंग्या येतात आणि काही वेळा घरी परतल्यावर सदऱ्याची गुंडी लावणेही जड जाते.

अशा रुग्णाला बहुधा औषधी दुकानातूनच महानारायण तेलाची बाटली व योगराज गुग्गुळाची डबी मिळते. क्वचित आपणही तेच लिहून देतो. ही औषधे वाईट नाहीत, परंतु येथे क्रम चुकतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

या बधिरतेचे कारण तळहाताच्या मुळाशी आहे. करंगळीच्या बाजूला, मनगटाच्या दोन लहान अस्थींच्या मधून एक अरुंद मार्ग जातो. फ्रेंच शल्यविशारद गुयॉन यांनी १८६१ साली त्याचे वर्णन केले. करंगळी व अर्ध्या अनामिकेला संवेदना देणारी आणि हाताच्या बहुतेक सूक्ष्म स्नायूंना चालना देणारी नाडी याच मार्गाने जाते. हँडलवर शरीराचा भार टाकला की ती दाबली जाते. खडबडीत वाटेवर त्या दाबात सततच्या कंपनाची भर पडते. मनगट मागे वाकलेले असेल तर मध्यभागातील नाडीही दाबली जाऊन अंगठा, तर्जनी व मध्यमा यांना मुंग्या येतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, चार दिवसांत ६०० किलोमीटर सायकल चालविणाऱ्या २५ जणांपैकी २३ जणांच्या हातांत संवेदनेची किंवा शक्तीची काही ना काही लक्षणे आढळली होती.

आपल्या शास्त्राला हा विचार परका नाही. सुश्रुतांनी मणिबंध, कूर्च व तलहृदय ही मर्मे याच प्रदेशात सांगितली असून मणिबंधाच्या आघाताने हाताला कुंठता येते, असे म्हटले आहे. चरकांनी वातप्रकोपाच्या कारणांत मर्माघात आणि वेगवान वाहनांवरून पडणे यांचा उल्लेख केला आहे, तसेच धातुक्षय व मार्गावरोध ही वातप्रकोपाची दोन द्वारे सांगितली आहेत. सायकलस्वाराची सुप्ति प्रायः मार्गावरोधजन्य होय. अवरोध करणारा हेतू तासन् तास तळहाताखाली तसाच असताना तेल व गुग्गुळ काय करणार? चिकित्सेचे सार निदानपरिवर्जन आहे, हे सुश्रुतवचन आपल्याला मुखोद्गत असते. येथे ते शब्दशः आचरावयाचे आहे, आणि त्यासाठी रुग्णाला सायकलसह बोलवावयास हवे.

सायकलीत पाहण्याच्या गोष्टी अवघड नाहीत. सीटचे टोक खाली झुकलेले असेल तर शरीर पुढे घसरते व सारा भार हातांवर येतो. म्हणून सीट सपाट असावी. हँडल सीटपेक्षा फार खाली किंवा फार दूर नसावे. ब्रेकच्या दांड्या अशा कोनात फिरवाव्यात की त्यांवर बोटे ठेवल्यावर कोपर, मनगट व बोटे एका रेषेत राहतील. हे काम सायकल मिस्त्री एका पान्याने करून देतो. टायरमध्ये हवा दगडासारखी कडक भरण्याची आपल्याकडे सवय आहे. टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेतच, पण खालच्या बाजूला हवा ठेवल्यास पुष्कळसे हादरे टायरच पचवितो. पुढचे शॉकअप स्वाराच्या वजनास योग्य असावे. बारीक, टणक मुठींऐवजी तळहाताला रुंद आधार देणाऱ्या मुठी आणि योग्य जागी गादी असलेले हातमोजे उपयुक्त ठरतात.

यानंतर स्वाराच्या सवयी पाहाव्यात. मूठ घट्ट आवळू नये, कोपरे किंचित वाकलेली असावीत, खडबडीत भागात पेडलवर उभे राहून भार पायांवर घ्यावा आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी हातांची जागा बदलावी. पोट व पाठ यांचे स्नायू दुबळे असतील तर धड सावरण्याचे काम हातांवर पडते. तेव्हा त्यांना बळ देणारा व्यायामही सांगावा. अर्धशक्तीपर्यंतच व्यायाम करण्याचा वाग्भटांचा उपदेश नवशिक्या स्वाराला आवर्जून सांगण्यासारखा आहे.

हेतू दूर केल्यावर अभ्यंग व मृदू स्वेदन यांना त्यांचे स्थान आहेच. दोन दक्षता मात्र हव्यात. तळहाताच्या मुळाशी जोराने मर्दन करू नये. तसेच बधिर त्वचेला उष्णतेची जाणीव नसते, म्हणून पोटलीची उष्णता रुग्णाला विचारून ठरवू नये. वैद्याने ती प्रथम स्वतःच्या हातावर पाहावी.

सर्वांत गंभीर मुद्दा निदानाचा आहे. प्रत्येक बधिर करंगळी सायकलीमुळेच असते, असे नाही. मनगटात नाडी दाबली गेली असेल तर हाताच्या मागच्या बाजूची, करंगळीकडील संवेदना शाबूत राहते, कारण तिची शाखा मनगटाच्या वरच वेगळी होते. तीही हरपली असेल तर दोष कोपराशी किंवा त्याहून वर शोधावा. कोपराजवळची नाडी जाड व दुखरी लागली, अंगावर फिकट किंवा लालसर बधिर चट्टा आढळला, तर कुष्ठरोगाचा विचार केलाच पाहिजे. ज्या विदर्भात बाबा आमटे यांचे आनंदवन व डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचे अमरावतीचे तपोवन उभे राहिले, तेथील वैद्याला हे विस्मरण परवडणारे नाही. डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आले, तरी नवे रुग्ण आजही आढळतात. शासकीय आरोग्य केंद्रांत त्यावरील उपचार विनामूल्य मिळतात. तेलाच्या बाटलीत गेलेले काही महिने अशा रुग्णाचा हात कायमचा वाकडा करू शकतात. मधुमेह, मानेचे विकार व बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांचीही चौकशी करावी. अंगठा व तर्जनी यांमधील मांसल भाग खोलगट झाला असेल, चिमटीत धरलेला कागद सुटत असेल किंवा सायकल थांबवूनही बधिरता टिकत असेल, तर रुग्णास विनाविलंब नाडीतज्ज्ञाकडे पाठवावे.

औषधी दुकानदार बंधूंना माझी विनंती आहे की, बाटली देण्यापूर्वी त्यांनी चार प्रश्न विचारावेत : कोणती बोटे बधिर होतात? सायकल थांबविल्यावर किती वेळाने बरे वाटते? हातातील शक्ती कमी झाली आहे काय? अंगावर कोठे चट्टा आहे काय? उत्तर शंकास्पद असेल तर ग्राहकास वैद्याकडे पाठवावे. एखादी विक्री त्या दिवशी कमी होईल, परंतु तो ग्राहक पुढे विश्वासाने आपल्याकडेच येईल.

रुग्णाला औषधच हवे असते, नुसता सल्ला नको असतो, असा आक्षेप काही वैद्यमित्र घेतात. त्यात तथ्य आहे. पण सीट सपाट करून देणे हीही चिकित्साच आहे, आणि तिचे शुल्क घेण्यात संकोच नसावा. पुढील स्वारीत ज्याची बोटे शाबूत राहतात, त्याला त्या सल्ल्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.