एकाच दमात वाजवलेलं

संयुक्त अरब अमिरातीतल्या उम्म अल कुवैनमध्ये जुलैत घरी गिटारवादनाचा व्हिडिओ करायला बसलं, की पहिला प्रश्न एसीचा. चालू ठेवला तर माइकमध्ये घरघर उतरते. बंद केला तर तिसऱ्या टेकपर्यंत खोली तापते, बोटं घामेजतात आणि गिटारच्या तारा उतरू लागतात. मग एक सोपी वाट खुणावते: आवाज आधी तुकड्या-तुकड्यांनी रेकॉर्ड करून घ्यायचा, चुकलेली जागा पुन्हा वाजवून जोडायची, आणि नंतर एसी लावून त्या आवाजावर बोटं फिरवत चित्रण उरकायचं. पाहणाऱ्याला वाटतं, हा सलग वाजवतोय.

या वाटेला सरसकट लबाडी म्हणणं मला पटत नाही. भाड्याचा फ्लॅट म्हणजे स्टुडिओ नव्हे. भिंतीपलीकडे रात्रपाळी करून आलेला कुणी झोपलेला असतो, शेजारच्या खोलीत मुलाचा अभ्यास चाललेला असतो. इलेक्ट्रिक गिटार ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे तिचा आवाज संगणकात उतरवणाऱ्या यंत्राला, जोडून, कानाला हेडफोन लावून रात्री अकराला वाजवता येतं. चित्रणाला उजेड हवा म्हणून ते शनिवारी सकाळी. नोकरदार माणसाचा आठवडा असाच विभागलेला असतो. आणि पार्श्वगायनावर वाढलेले आपण, आवाज एकीकडे आणि चित्र दुसरीकडे याला कधी फसवणूक म्हटलं? फक्त तिथे पडद्यावरचा नट गात नाही, हे प्रेक्षकाला ठाऊक असतं.

या प्रश्नाचं सर्वांत गाजलेलं उदाहरण दक्षिण कोरियाचं आहे. लिम जंग-ह्यून या तरुणाने संगीतकार पाखेलबेलच्या ‘कॅनन’वर तैवानच्या जेरी सीने बांधलेली रॉक रचना आपल्या खोलीत वाजवली. मागे खिडकीतलं ऊन, डोक्यावर टोपी, चेहरा जवळजवळ झाकलेला. डिसेंबर 2005 मध्ये तो व्हिडिओ कुणीतरी यूट्यूबवर टाकला आणि ‘फनटू’ या टोपणनावामागचा माणूस जग शोधू लागलं. ऑगस्ट 2006 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने त्याला शोधून काढलं. पण त्याआधी अनेकांनी त्याच्यावर खोटेपणाचा आरोप केला होता. कारण एवढंच, की आवाज आणि चित्र त्याने वेगवेगळं घेतलं होतं आणि दोन्ही किंचित मागेपुढे होत होते. वादन त्याचंच होतं. तरी सोय म्हणून केलेली गोष्ट संशयाचं कारण ठरली.

माझी खरी काळजी आरोपांची नाही, शिकणाऱ्यांची आहे. बारा वर्षांची मुलगी फोनवर तीन मिनिटांचं निर्दोष वादन पाहते आणि मग स्वतःच्या हातातली अडखळ तिला आपलं उणेपण वाटू लागते. ते निर्दोषपण सतरा तुकड्यांचं आहे, हे तिला कोण सांगणार? आपल्या बैठकीत एखादी जागा निसटली तर गायक ती सावरतो, समेवर येतो, आणि त्या सावरण्याला दाद मिळते. ते सावरणं दिसलंच नाही तर ते शिकायचं कुठून? वादकाचंही नुकसान होतं. जोडता येतं हे माहीत असलं की सलग तीन मिनिटं लक्ष टिकवायचा रियाज सुटतो.

म्हणून माझा कौल असा: आवाज वेगळ्या यंत्रावर घ्या, पण त्याच वादनाचा घ्या. फोन चित्र टिपेल, इंटरफेस गिटारचा आवाज. सुरुवातीला तारांवर एकच ठळक आघात करा, म्हणजे दोन्ही नेमके जुळवता येतात. गिटार थेट जोडलेली असल्याने एसीची घरघरही येत नाही. गिटारचं पिकअप (तारांची थरथर टिपणारा भाग) सिंगल-कॉइल असेल तर 50 हर्ट्झच्या विजेची गुणगुण येईल. बसायची दिशा बदलून ती बरीच कमी होते. इथल्या दिव्यांचा लुकलुकाटही त्याच विजेचा; शटर 1/50 किंवा 1/100 ठेवलं की तो थांबतो. आणि आवाज नंतर भरायचाच असेल, तर व्हिडिओखाली एका ओळीत तसं लिहा. त्या ओळीने दाद कमी झाली तरी चालेल.

व्हिडिओ प्रसिद्ध करायचा तर नियमही पाहायला हवेत. चित्रणाच्या चौकटीत घरी आलेला पाहुणा किंवा बाल्कनीतून दिसणारा शेजारी नको. संयुक्त अरब अमिरातीच्या 2021 च्या सायबर गुन्हे कायद्यानुसार संमतीशिवाय कुणाचं चित्रण करून प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे आणि दंड दीड लाख दिरहमपासून सुरू होतो. एखाद्या दुकानाच्या गिटारची जाहिरात करणार असाल तर 2025 मध्ये जाहीर झालेल्या जाहिरातदार परवान्याचा नियम आधी पाहा; जाहिरात पैसे न घेता केली तरी तो लागू होतो. दुसऱ्याचं गाणं वाजवलं तर यूट्यूबची ओळखयंत्रणा ते हेरू शकते आणि व्हिडिओची कमाई हक्कधारकाकडे जाऊ शकते. शौकिनाने त्याचं दुःख करू नये; चाल त्यांचीच आहे.

उरतात पिकअप न लावलेली अकूस्टिक गिटार वाजवणारे. त्यांना माइकशिवाय गत्यंतर नाही, आणि माइकला एसी ऐकू येणारच. त्यांनी उन्हाळाभर रियाज करावा, हवं तर स्वतःला तपासण्यापुरतं घरघरीसकट रेकॉर्ड करावं. डिसेंबरात खाडीवरून गार वारा येऊ लागतो आणि एसी आपोआप बंद होतो. दुपारच्या वेळी, मुलं शाळेतून यायच्या आधी, खिडकी लावून घेतली की खोलीत फक्त गिटार उरते.