मनात पाल चुकचुकते तेव्हा

‘मला आधीच वाटले होते!’ कोणतीही आपत्ती कोसळली की हे वाक्य दहा तोंडांतून ऐकू येते. कुणाच्या मनात पाल चुकचुकलेली असते, कुणा बाईचा उजवा डोळा लवलेला असतो. पण ते ‘वाटणे’ आधी कुणापाशी लिहून ठेवले होते काय, असे मात्र कुणी विचारीत नाही. विलायतेत एका डॉक्टरांनी ते विचारले.

२१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी वेल्समधील ॲबरफॅन गावाच्या शाळेवर व घरांवर कोळशाच्या खाणीतील टाकाऊ मातीचा प्रचंड ढिगारा घसरून आला. १४४ माणसे गेली. त्यांत ११६ मुले! श्रूसबरीचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. जॉन बार्कर तेथे जाऊन आले. मग ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ पत्राचे विज्ञान-वार्ताहर पीटर फेअर्ली यांच्या मदतीने त्यांनी वाचकांना विचारले, ‘हा अनर्थ कुणाला आधी जाणवला होता काय?’ ७६ उत्तरे आली. पण ती घटनेनंतरची! त्यांवर भिस्त किती ठेवायची?

म्हणून जानेवारी १९६७ पासून त्याच पत्राच्या कचेरीत पूर्वसूचनांचे दप्तर उघडले. ज्याला जे भासेल ते त्याने आधी कळवायचे. त्यावर तारीख-वेळ पडायची, आणि पुढे ते बातम्यांशी ताडून पाहायचे. युक्ती साधी, पण बिनतोड. ७२३ भाकिते जमली. खरी म्हणून धरली गेली ती अवघी १८. आणि त्यांतली १२ दोघांचीच. एक नृत्यशिक्षिका लॉर्ना मिडल्टन, दुसरे टेलिफोन ऑपरेटर ॲलन हेन्चर. हेन्चर यांनी विमान कोसळून सव्वाशेच्या आसपास बळी जातील असे कळविले, आणि थोड्याच आठवड्यांत, २० एप्रिल १९६७ रोजी, सायप्रसमध्ये निकोसियाजवळ विमान पडून १२६ माणसे दगावली. अंगावर काटा येतो खरा! पण उरलेली ७०५ भाकिते कुणाला आठवतात?

पुढे या दोघांनी खुद्द बार्कर यांनाच जिवाचा धोका सांगितला. ऑगस्ट १९६८ मध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. वय अवघे ४४. भीतीने माणूस मरतो काय, याच विषयावर त्यांनी पुस्तक लिहिले होते. योगायोग म्हणावा की धास्ती, ज्याचे त्याने ठरवावे.

ॲबरफॅनची एक पूर्वसूचना मात्र तारखेसह कागदावर होती. ती स्वप्नात पडलेली नव्हती. शाळेमागच्या ढिगाऱ्याचा धोका तेथील नगरपालिकेच्या अभियंत्याने १९६३ सालीच पत्राने कळविला होता. ढिगाऱ्यावर माती पडतच राहिली.